दुसऱ्या गाडीचा बूट

लासुर्ण्याच्या मानसिंगरावांच्या दारातल्या पांढऱ्या गाडीला एक नवलाचा आजार जडला होता. हा आजार माणूस बघून उठायचा. मानसिंगरावांचा एकुलता एक लेक ऋषिराज गाडीत बसला की आजार कुठल्या कुठं पळायचा. मग गाडी इंदापूरला लग्नाला जायची, भिगवणला मासे खायला जायची, मित्राच्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला पार फलटणपर्यंत जाऊन यायची. पण त्याच्या बायकोनं, श्रेयानं, किल्लीला हात लावायचा अवकाश, गाडी लगेच मरणाला टेकायची.

"स्टेअरिंगचा रॅक बूट फाटलाय," ऋषिराज मोठ्या डॉक्टरच्या तोंडानं सांगायचा. "आत माती जाती. कवा जाम हुईल, भरवसा न्हाय. बाईमाणसाच्या हातात द्यायची म्हंजी..."

बूट म्हणजे घड्याघड्यांची रबरी नळी, पुढच्या चाकाच्या मागं स्टेअरिंगच्या दांड्यावर चढवलेली. धूळपाणी आत जाऊ नये एवढंच तिचं काम. ती फाटली होती, हे खरं. पण त्या रबराला बाई कोण अन् बाप्या कोण हे कळतं, हा शोध मात्र ऋषिराजचा एकट्याचा. वास्तविक श्रेयाला गाडी शिकवली होती माहेरी, बावड्याला, तिच्या वडलांनी, संभाजीरावांनी, चिखलात रुतलेल्या पिकअपवर. पण सासरी माहेरचं लायसन चालत नसावं.

एरवी तिनं हेही सोसलं असतं. पण सोमवारी बारामतीत एका डेअरीच्या लॅबमध्ये तिला रुजू व्हायचं होतं, सकाळी सातला. त्या वेळेला पोचवणारी एसटी नव्हती. डेअरीनं एकदा तारीख पुढं ढकलून दिली होती, आता साफ कळवलं होतं: सोमवारी आलात तर जागा तुमची, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराची. केमिस्ट्रीत एमएस्सी झालेली ही बाई तीन वर्षं घरच्या दुधाला उतू जाण्यापासून वाचवत होती. तिला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती.

आणि नवा बूट? अहो, बिचारा ऋषिराज दोन महिने पायाला भिंगरी लावून शोधत होता. बारामती झाली, इंदापूर झालं, पुण्याला फोन झाले. "मालच येत न्हाय कंपनीतनं," असं सांगताना त्याचा चेहरा इतका पडायचा की श्रेयाच त्याला चहा करून द्यायची.

रविवारी सकाळी तिनं ठरवलं, निदान चाक काढून फाटलंय किती ते तरी बघू. जॅक काढायला डिकी उघडली, तर स्टेपनीवर एक पाकीट. आत नवाकोरा रबरी बूट, तो आवळायचे दोन क्लॅम्प आणि बारामतीच्या दुकानाचं बिल. बिलावर ऋषिराजचं नाव बापाच्या नावासकट. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

श्रेयाच्या कानशिलाला चटका बसावा तसं झालं. दोन महिने! दोन महिने ह्या माणसाला तिनं आल्याचा चहा पाजला होता. ती तशीच ओसरीवर गेली. ऋषिराज मोबाईल बघत पोहे खात होता. शेजारी मानसिंगराव पेपर वाचत होते आणि उंबऱ्यात सासूबाई, साखरबाई, तांदूळ निवडत होत्या. तिनं पाकीट पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवलं.

"माळ्यावर कशाला चढलीस तू?" ऋषिराज ओरडला.

"माळ्यावर? मी तर डिकी उघडली होती."

ऋषिराजच्या घशात शेंगदाणा अडकला. मानसिंगरावांनी पेपर जरा वर धरला. साखरबाईंनी एक खडा हुडकून लांब फेकला आणि मान काही वर केली नाही.

"त्यो... त्यो आपल्या गाडीचा न्हाय," ऋषिराज पाणी पिऊन म्हणाला. "दुसऱ्या गाडीचा हाय. दुकानदारानं चुकून दिला. परत करायचा म्हणून वर ठेवला हुता. बसतच न्हाय आपल्याला."

"बसवून बघितला?"

"बघायचं काय त्यात? नजरंला कळतं."

"मग माझ्या नजरेला पण कळू द्या," श्रेया म्हणाली. "मी बसवून बघते. न्हायच बसला तर गप राहते. ह्या नोकरीचं नाव पुन्हा काढणार न्हाय."

आपण भलतंच बोलून बसलो, हे तिला उमगलं. पण शब्द सुटला होता, आणि ऋषिराजनं तो लगेच झेलला. "आबा, ऐकलं न्हवं? तुमी साक्षीला." एवढं वडलांना ऐकवून त्यानं खुर्ची अंगणात आणून टाकली. बायकोला मदत करण्याची त्याची हीच तऱ्हा होती.

श्रेयानं मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, खाली लाकडी ओंडका सरकवला आणि पुढचं चाक काढलं. पोतं अंथरून ती गाडीखाली शिरली. जुना बूट मधोमध उसवला होता, पण आतला दांडा अजून धड होता. त्या दांड्याला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा नट गंजला होता. त्यावर तेल सोडून ती थांबली.

"थांबली काय? हरली का?" ऋषिराज खुर्चीतून.

"तेल मुरतंय."

"डावीकडं फिरव."

"डावीकडंच फिरतोय."

"मंग बरोबर हाय." ऋषिराजनं वडलांकडं बघितलं. हे त्याच्याच मार्गदर्शनाखाली चाललंय, हे त्यांना कळायला हवं होतं.

हातोडीच्या चार ठोक्यांनी सांधा सुटला. मग तिनं टाय रॉडचं टोक फिरवून काढायला घेतलं, एकेक फेरा मोठ्यानं मोजत. परत लावताना तेवढेच फेरे घातले नाहीत तर चाक तिरकं बसतं, हे बावड्याच्या अंगणात तिनं शेकडो वेळा ऐकलं होतं. अठरा फेरे झाले. वडाला सात घालताना ती इतकं मन लावून मोजत नसे. आता तर त्या वडाला दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

जुना बूट निघाला. दांडा पुसून, नवं ग्रीस लावून तिनं नवा बूट सरकवला. अरुंद तोंड सरळ बसलं. रुंद तोंड मात्र दांडा ज्यातून बाहेर येतो त्या रॅकच्या गोल घरावर चढेना. एका बाजूनं चढवावं तर दुसऱ्या बाजूनं निसटायचं. ग्रीसनं बोटं घसरत होती. तिनं स्क्रूड्रायव्हर घातला, पण रबराला ओरखडा दिसल्याबरोबर काढून घेतला. अर्धा तास गेला. कोपरं सोलली.

"म्हणलं न्हवतं?" ऋषिराजनं पाय पसरले. "दुसऱ्या गाडीचा हाय. आता बाहेर ये, भाकरीचं बघ. दिला शब्द पाळायचा असतो."

गाडीखाली श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीला दगड टोचत होता, पण खरं बोचत होतं ते हे की आता खोटं बोलणारा जिंकणार आणि वर तिलाच शब्द पाळायला लावणार. तिला त्या क्षणी नवऱ्याचा मनापासून राग आला, आणि नोकरी गेली असं वाटून रडूही आलं.

तेवढ्यात शेजारी पोत्यावर कुणीतरी धापकन बसलं. साखरबाई! हातात कपड्याच्या साबणाची वडी, पाण्याचा तांब्या आणि दुधाची रिकामी पिशवी.

"आई, तू कुठं शिरतीस?" ऋषिराज उठलाच.

"बस खाली. बघत बसायला खुर्ची आणलीस न्हवं?" त्या डाव्या कुशीवर आडव्या झाल्या आणि सुनेला म्हणाल्या, "कासारीण बांगड्या कशा भरती? ढकलती का? हाताला पिशवी घालती, वर साबण लावती अन् बांगडी घसरवती. हिकडं आण."

दुधाची पिशवी उभी फाडून त्यांनी ती रॅकच्या घराभोवती गुंडाळली, वरून ओला साबण चोळला. बघायची त्यांना गरज पडेना, बोटंच बघत होती. श्रेयानं खालून रबर ताणलं, साखरबाईंनी वरून अंगठ्यानं रेटलं. बुळकन् आवाज झाला आणि बूट जाग्यावर बसला. साखरबाईंनी पिशवी हळूच ओढून काढली. खाच खाचेत, काठ काठावर.

"आत्याबाई," श्रेया हळूच म्हणाली, "पाकीट माळ्यावरनं डिकीत तुमी आणलंत?"

"क्लॅम्प आवळ," साखरबाई म्हणाल्या. "बोलायला उद्या रस्ताभर येळ हाय."

श्रेयानं दोन्ही क्लॅम्प आवळले आणि टोकाला मोजून अठरा फेरे घातले. सांधा, नट, चाक सगळं लागल्यावर तिनं गाडी पाटापर्यंत फिरवून आणली. स्टेअरिंग अगदी लोण्यासारखं चालत होतं. मानसिंगरावांनी पेपर खाली ठेवला आणि घसा साफ केला. "बसला की गा," ते लेकाला म्हणाले. "दुसऱ्या गाडीचा भारी बसला." ऋषिराजला आपल्याला फार जरुरीचा फोन करायचाय हे आठवलं.

सोमवारी पावणेसहाला श्रेया डबा घेऊन बाहेर आली, तर ऋषिराज किल्ली बोटावर फिरवत उभा. एका दिवसात त्याला नवीन आजार सापडला होता. "चाकांची अलाइनमेंट केल्याबिगर लांब न्यायची नसती. आज राहू दे. मी नेऊन करून आणतो."

"बारामतीत दहाला दुकान उघडतं. मी सुट्टी झाल्यावर करून आणते," श्रेया म्हणाली आणि हात पुढं केला.

तो किल्ली देईना. "अगं, लोक काय म्हणतील? बायकू गाडी घिऊन कामाला अन् ह्यो घरात. कळतंय का?"

हे दोन महिन्यांतलं त्याचं पहिलं खरं वाक्य होतं. श्रेयाला राग यायच्या आधी त्याची कीवच आली.

त्यांच्यामधून वाट काढत साखरबाई आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, काखेत दवाखान्याची फाईल. ऋषिराजच्या बोटातली किल्ली त्यांनी चाचपून काढून घेतली, सुनेच्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"आई, तू कुठं निघालीस?"

"डोळ्याच्या डॉक्टरकडं. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय, लवकर या म्हणला हुता त्यो. दोन महिनं झालं."

ऋषिराज काचेपाशी आला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मला म्हणायचंस की. मी नेलं असतं."

"म्हणले की चारदा," साखरबाई समोर बघत म्हणाल्या. "पण गाडी खराब हाय म्हणालास न्हवं तू."

श्रेयानं गाडी चालू केली आणि बारामतीच्या रस्त्याला लावली.