वीतभर शिवण

"पडदे ओढून घ्या आणि दिवा घालवा," टेबलावर वाकलेल्या हालवर्सनबाई म्हणाल्या, पण बटणापाशी उभी असलेली डेल्फिया कूम्ब्स जागची हललीच नाही. गावचं संग्रहालय सांभाळणाऱ्या टॅकेट मास्तरांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य मोठ्यांदा म्हटलं. डेल्फियाला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. एकाहत्तराव्या वर्षीही तिचे कान ठणठणीत होते. तिला दिवा घालवायचाच नव्हता.

टेबलावर एक गोधडी पसरली होती. पिठाच्या पोत्यांचं कापड आणि खाणीत जाणाऱ्यांच्या विटक्या विजारी यांचे लांब पट्टे जोडून कुणीतरी ती नव्वदेक वर्षांपूर्वी शिवली होती. सगळे पट्टे ओसरीच्या फळ्यांसारखे शिस्तीत उभे, आणि मध्येच एक लालभडक पट्टा आडवा घुसलेला. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण शहरातल्या एका मोठ्या कलासंग्रहालयाने फोटो पाहून गोधडी हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी मागितली. तिथे ती एका भिंतीवर एकटी टांगली जाणार होती, एखाद्या चित्रासारखी. ती पाठवण्याजोगी आहे का, हे बघायला त्यांनी हालवर्सनबाईंना पाठवलं होतं.

हालवर्सनबाई स्वभावाने काही वाईट नव्हत्या. सकाळी कॉफी पिताना त्यांनी आपल्या पेटीतला जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा कौतुकाने दाखवला. अंधारात तो कापडावर धरला, की जुना सुती दोरा गप्प राहतो आणि हल्लीचा दोरा पांढराशुभ्र चमकतो, असं त्यांनी सांगितलं. मास्तर खूश झाले. डेल्फियाने कप तसाच खाली ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन नणंदेला फोन लावला.

"वर्जी, त्या बाईकडे दिवा आहे."

"मग बल्ब काढून घे त्याचा," वर्जी म्हणाली. तीन वर्षांपूर्वी काय घडलं होतं, ते या जगात फक्त वर्जीला ठाऊक होतं. "आणि तोंड मिटून बस. त्या गोधडीचं बोलायला कोण जिवंत आहे?"

डेल्फियाने एकतीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काढली. चारशे मुलांचा घेवडा शिजवायचा, मक्याचे पाव भाजायचे, भांडी घासायची. ती निवृत्त झाल्यावर मास्तरांनी तिला गावच्या संग्रहालयात झाडलोटीला बोलावलं. खाणीच्या जुन्या कोठारात केलेलं ते संग्रहालय, आणि त्यात बासष्ट गोधड्या. हळूहळू झाडू मागे पडला आणि गोधड्याच तिच्या हाती आल्या. गोधडी एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली तर घडीवर कापड चिरतं. म्हणून दर गुरुवारी दोन-दोन गोधड्या उलगडायच्या, कागदाच्या मऊ गुंडाळ्या आत घालून वेगळ्या जागी घडी पाडायची. हे काम ती एकटी करायची. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. आठवड्यात तिला खरोखर आवडणारा वार एकच होता, आणि तो गुरुवार.

नियमही एकच होता. हात लावा, सुई लावू नका.

तीन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी हीच गोधडी उलगडताना उजव्या कोपऱ्यातली शिवण सुटलेली दिसली. आतला कापूस गोळा होऊन बाहेर डोकावत होता. मूळचे टाके असे लांब, की पायाच्या अंगठ्याचं नख अडकावं. मास्तर दोन आठवडे मुलीकडे गेले होते. डेल्फियाचे हात शिवशिवायला लागले. पर्समध्ये सुईदोरा होताच. कापूस आत सारून तीन टाके घालायचे आणि थांबायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. पण चांगली गोधडी शिवणारी बाई तीन टाक्यांवर थांबेल तर शपथ. भानावर आली तेव्हा वीतभर शिवण पुरी झाली होती, आणि तीही तिच्या आईने शिकवलेल्या बारीक टाक्यांत, इंचाला दहा. मूळच्या शिवणीहून दुपटीने सुबक. तिथेच तर घोळ झाला. वाईट शिवली असती तर कदाचित खपून गेली असती.

आता पडदे ओढले गेले. मास्तरांनी स्वतःच दिवा घालवला. हालवर्सनबाईंनी जांभळा उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यात धरला आणि हातभर-हातभर सरकत निघाल्या. कापड काळोखात गप्प पडून होतं. उजेड लाल पट्ट्यावरून गेला, विजारीच्या एका खिशाच्या खुणेवरून गेला. उजव्या कोपऱ्याला अजून वेळ होता. डेल्फियाला वाटलं, या बाईला आत्ता फोन यावा, शिंक यावी, निदान दिव्याची बॅटरी तरी संपावी.

मास्तरांना मात्र गप्प बसवत नव्हतं. "आमच्याकडे आल्यापासून हिला कुणी सुई लावलेली नाही," ते म्हणाले. "तसं लिहून हवं असेल तर मी सही करतो."

डेल्फिया हे ऐकत होती आणि तिला भयंकर वाटलं. आपण गप्प राहिलो तर खोट्याखाली सही मास्तरांची पडणार. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोरांना नक्कल केली म्हणून बाकावर उभं केलं, त्या माणसाची.

"मास्तर, सही करू नका," ती म्हणाली. "मी लावलीय सुई. उजव्या कोपऱ्यात, खाली. तीन वर्षं झाली. तुम्ही गावाला गेला होतात."

हालवर्सनबाईंनी उजेड सरळ त्या कोपऱ्यात नेला, आणि काळोखातल्या कापडावर वीतभर बारीक पांढरी रांग उजळली. टाक्याला टाका लागून, कुठे वाकडं पाऊल नाही. डेल्फियाने आपली शिवण तीन वर्षांनी पाहिली आणि त्या तसल्या वेळीही तिच्या मनात आलं, छान जमलीय. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने पाठीमागे चाचपडत दिवा लावला, कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि टेबलाच्या कडेला ठेवल्या.

"मावशी, मी तुमच्यावर सगळं टाकून गेलो होतो," मास्तर म्हणाले. ते चिडलेले असते तर तिला परवडलं असतं. पण ते तिच्याकडे न बघता किल्ल्यांकडे बघत होते.

हालवर्सनबाईंनी भिंग काढलं, मोजपट्टी काढली आणि बराच वेळ त्या कोपऱ्यावर नाक टेकवून बसल्या. सुई कुठल्या नंबरची, दोरा कुठला, सुरुवातीची गाठ कुठे दडवली, एकेक विचारत गेल्या. डेल्फियाने शाळेतल्या मुलीसारखी खालमानेने उत्तरं दिली. शेवटी तिने विचारलं, की ती सगळी शिवण आज इथे बसून उसवून दिली तर गोधडी जाईल का.

"अजिबात उसवायची नाही," बाई म्हणाल्या. "उसवलीत तर कापडच फाटेल. आणि शिवली नसतीत तर हा कोपरा आज इथे नसता. पण पुढच्या वेळी सुई उचलायच्या आधी फोन उचला. कबूल?"

"कबूल. म्हणजे गोधडी जातेय?"

"जातेय. दुरुस्ती लपवली असती तर गेली नसती."

डेल्फियाचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत बसली ती अशी, की खुर्ची करकरली. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि किल्ल्यांचा जुडगा बोटाने तिच्याकडे सरकवला. "गुरुवारी घड्या कोण बदलणार, मी?" ते म्हणाले. "मला उशीच्या अभ्र्याचीसुद्धा घडी करता येत नाही."

मग हालवर्सनबाईंनी गोधडीचा कागद भरायला घेतला. लांबी, रुंदी, कापड. शिवणारीचं नाव या ओळीपाशी त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. दरीतलं एक घर मोडताना ती पेटीत सापडली होती, एवढंच कळलं होतं. बाईंनी लिहिलं, माहीत नाही. पुढची ओळ दुरुस्तीची होती. तिथे त्यांनी डेल्फियाचं पूर्ण नाव विचारून घेतलं, साल लिहिलं, आणि बरोबर आहे ना म्हणून कागद तिच्यापुढे धरला.

"एवढी गोधडी तिने शिवली," डेल्फिया म्हणाली, "आणि नाव माझं?"

"तुमचंच ठाऊक आहे ना," बाई म्हणाल्या.

दुपारी वर्जी घेवड्याचं भांडं घेऊन आली, तेव्हा डेल्फिया ओसरीवर बसली होती. तुरुंगात गेली नाहीस का, असं वर्जीने विचारलं. डेल्फियाने तिला सगळं सांगितलं, किल्ल्यांपर्यंत. वर्जी हसली आणि मग तिच्या लक्षात आलं, की डेल्फियाच्या मांडीवर तिच्या पलंगावरची गोधडी आहे. ओमाची, डेल्फियाच्या आईची. साठ वर्षं रोज अंगावर घेतलेली आणि सात-आठ ठिकाणी ठिगळलेली. तिचा मागचा कोपरा उलटून डेल्फिया इंचाला दहाच्या टाक्यांनी अक्षरं काढत होती. ओमा लिहून झालं होतं, आडनाव स्लोन अर्ध्यावर होतं.

"दोरा कसला घेतलास?" वर्जीने विचारलं.

"सुती."

वर्जी जवळ येऊन वाकली. "आणि इथली ठिगळं तर सगळी तुझी. तुझं नाव नाही घालत?"

"माझं लिहून झालंय," डेल्फिया म्हणाली, आणि दोरा संपत आला म्हणून तिने सुई उजेडाकडे धरली.