तिसरी खाच

"तुम्ही बाहेर जा," बायको म्हणाली.

"अगं, वजनाचा काटा वाकडा उभा आहे. एक पाय अधांतरी आहे त्याचा. खाली पुठ्ठा सरकवला की..."

"आधी तुम्ही सरका."

तपासणीच्या खोलीतली नर्स तोंडावर हात ठेवून हसली. मी मुकाट्याने बाहेर बाकावर जाऊन बसलो.

माझा धंदा काटे दुरुस्त करण्याचा. दुकानातले, गोदामातले, भंगारवाल्यांचे, लहान बाळांना निजवून मोजायचे, सगळे माझ्याकडे येतात. घरात पलंगाखाली काटे, कपाटावर काटे. आणि लग्न झाल्यापासून माझ्या बायकोने माझ्यादेखत एकाही काट्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. "सगळं जग मोजा, मला सोडा," असं तिचं म्हणणं. मी सोडलं होतं.

ती बसडेपोच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे तिला मावशी म्हणायचे आणि तिला टरकून असायचे. जेवणाच्या वेळेला ती हातात डाव घेऊन उभी राहिली की रांग आपोआप सरळ व्हायची. पण उभं राहणंच अवघड होत चाललं होतं. गुडघे गेले होते. हाडांच्या डॉक्टरने सांगितलं, आधी वजन उतरवा, मग गुडघ्यांचं बघू. उपास झाले, चालणं झालं, कोणीतरी सांगितलेला कडू काढा झाला. वजन हटेना. झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. शेवटी तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या मेहुणीने, हे ऑपरेशन सुचवलं. मेहुणी दुसऱ्या एका दवाखान्यात नर्स आहे.

मला आत बोलावलं तेव्हा काटा कोपऱ्यात गेला होता आणि आकड्याचा कागद बायकोच्या मुठीत होता. सर्जनबाईंनी सगळं नीट सांगितलं. पोट लहान करायचं, आतडं वळवून त्याला जोडायचं. मग धोके सांगितले. टाका गळू शकतो. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. जोडलेलं तोंड पुढे आवळू शकतं. जीवनसत्त्वं जन्मभर घ्यावी लागतील. आणि वर्षांनंतरही कधीतरी आतडं आतल्या आत पिळलं जाऊ शकतं.

"एवढं सगळं होतं, तर करता कशाला?" बायकोने विचारलं.

"बहुतेकांना यातलं काही होत नाही. आणि काहीच केलं नाही तर तुमची साखर, तुमचा अडकणारा श्वास, तेही जीव घेतंच. फक्त हळूहळू."

बायकोने मुठीतल्या कागदाची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "ऑपरेशननंतर मी स्कूटरवर बसू शकेन?"

सर्जनबाई म्हणाल्या, "असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं."

स्कूटरचं असं होतं. आमची स्कूटर जुनी. लग्नानंतर आम्ही तिच्यावरून तळ्यापर्यंत जायचो. स्पीडब्रेकर आला की मी "धर" म्हणायचो आणि ती माझा शर्ट मागून मुठीत धरायची. पुढे एकदा डेपोच्या फाटकातच मागची स्प्रिंग मोडली. कड्कन आवाज झाला. उभ्या रांगेसमोर. सगळे हसले, सगळ्यात जास्त तीच हसली. पण त्यानंतर ती बसने जायला लागली. मी जाडजूड स्प्रिंग बसवून घेतली, तिची पाच खाचांची कडी पार पाचव्या खाचेपर्यंत आवळून घेतली. कडी जितकी पुढच्या खाचेवर, तितकी स्प्रिंग घट्ट. तरी ती काही बसली नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी ती घरी आली आणि पहिल्यांदा तिने स्वतःच्या पोटाला दम भरला. "चार चमच्यांत भरतंस? लाज वाटत नाही?" मी समोर जेवायला बसलो की ती माझ्या ताटाकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. "सावकाश. चावून. मला बरं वाटतं बघायला." मी सावकाश चावून खायचो. माझंच पोट सुटायला लागलं.

कामावर परतली तर चव घेण्याची पंचाईत. पूर्वी ती डावभर रस्सा तोंडात टाकून डोळे मिटायची. आता जिभेच्या टोकावर थेंब. एक ड्रायव्हर निवृत्त झाला तेव्हा आग्रहाने केकचा तुकडा खाल्ला. पाच मिनिटांत घामाने निथळली, छाती धडधडायला लागली, पिठाच्या पोत्यावर बसून राहिली. तो बिचारा ड्रायव्हर पांढराफटक.

"मावशी, माझ्या केकने तुमचा जीव घेतला असता की!"

"तुझ्या गाडीत इतकी वर्षं बसूनही वाचले, केकने काय होतंय," ती म्हणाली.

गोड पोटातून धाडकन पुढे जातं म्हणून असं होतं, हे सर्जनबाईंनी आधीच बजावलं होतं. त्यानंतर तिने गोडाला हात लावला नाही.

गुडघे हलके झाले. आणि एका रविवारी, मी स्कूटर पुसत असताना, ती मागे येऊन बसली. मी किक मारली. तळ्यापर्यंत गेलो. गाडी दगडासारखी आदळत होती.

"ही स्कूटर आहे का बैलगाडी?" ती ओरडली.

परत येताना गॅरेजवर थांबलो. गॅरेजवाला सरळ मनाचा माणूस. वाकून बघून म्हणाला, "काका, मावशींसाठी पाचव्या खाचेवर ठेवलेली ना? आता चौथीवर आणू या, मावशी उतरल्यात."

मी डोळे मिटून घेतले. बायको माझ्याकडे वळली. "म्हणजे काट्यावर नाही तर स्प्रिंगवर मोजलंत मला!"

घरी पोचलो. जिना चढताना, आणि आता ती मध्ये थांबत नव्हती, वरून म्हणाली, "चौथी का?"

"चौथी."

"पहिलीवर आली की मला सांगा. डेपोत चहा पाजणार सगळ्यांना."

तिथून पुढे तेच आमचं मोजमाप झालं. चौथी गेली. तिसरी गेली. गॅरेजवाला पाना फिरवायचा आणि टाळ्या वाजवायचा. ती शेजारणीला सांगायची, "मी दुसरीत आहे." शेजारीण गोंधळायची.

याच दिवसांत तिला उलट्या व्हायला लागल्या. आधी भात बसेना, मग अंडं, मग दाट काहीच नाही. ती न्हाणीघरातून तोंड पुसत बाहेर यायची. "घाईने गिळलं. चूक माझीच." केसांचे पुंजके निघायचे, ते ती गुंडाळून टाकायची. पायांना मुंग्या यायच्या. पण खाच खाली येत होती आणि ज्यासाठी एवढं केलं तेच होतंय, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. आयुष्यभर वर गेलेला काटा खाली येतोय म्हटल्यावर हरखून जायला होतं.

पहिल्या खाचेवर गाडी आणली त्या दिवशी तिने डेपोत खरोखर चहा पाजला. परतताना चौकात सिग्नलला थांबलो आणि मला मागे कोणी आहे असं वाटेचना.

"आहेस ना गं?"

"आहे की. पडले असते तर आवाज आला नसता का?"

मी हसलो. ती उतरली तेव्हा मात्र तिचा पाय नीट टेकला नाही. ती भिंतीला धरून उभी राहिली, आणि तेवढ्यात समोरून मेहुणी आली. तिने बहिणीचे डोळे बघितले, हात हातात घेतला, आणि तिथेच फुटपाथवर दोघांवर तोंड सोडलं.

"ताई, पाणी तरी राहतंय का पोटात?"

"थोडं थोडं राहतं."

"थोडं थोडं? भाऊजी, आणि तुम्ही स्प्रिंगा कसल्या सैल करताय? माणूस सैल झालंय तुमचं!"

त्याच संध्याकाळी दवाखान्यात. नळी घालून बघितलं, तर पोटाचं तोंड आवळून टाचणीच्या डोक्याएवढं राहिलेलं. आत फुगा घालून ते रुंद केलं. पाय बधिर होत होते ते जीवनसत्त्व संपल्यामुळे. त्याच्या सुया दिल्या. सर्जनबाई रागावल्या नाहीत, पण हळू आवाजात म्हणाल्या, "हे वजन उतरणं नव्हतं. ही उपासमार होती. उलट्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात यायला हवं होतं."

बायको म्हणाली, "बाई, सगळं आयुष्य मला लोक म्हणाले, कमी खा. कमी खाण्याने कोणी आजारी पडतं, हे माझ्या डोक्यातच येईना."

चहाएवढ्या पातळ सूपापासून पुन्हा सुरुवात झाली. मेहुणी रोज फोन करायची. फोनवर हॅलो नाही, काही नाही. "काय खाल्लं?" एवढंच. पहिलं अख्खं अंडं पोटात राहिलं त्या दिवशी बायकोने तो फोन मला दिला आणि म्हणाली, "तुम्ही सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही."

पायांत जोर आला. गालावर मांस आलं. आणि पुन्हा एका रविवारी आम्ही गॅरेजवर गेलो.

"मावशी, आता तर शून्य खाच पाडावी लागणार!" गॅरेजवाला पाना घेऊन आला.

"आवळ," बायको म्हणाली.

"काय?"

"दुसरीवर घे. गाडी दबते आहे माझ्याने."

तिने हे असं सांगितलं जणू बढती मिळाली आहे. गॅरेजवाल्याला काही कळेना, तरी त्याने टाळ्या वाजवल्या. पुढे तिसरी झाली. सर्जनबाई म्हणाल्या, आता इथेच थांबा, हे तुमचं वजन. तिसऱ्या खाचेवर गाडी सुरेख चालायची. आदळायचीही नाही, दबायचीही नाही.

ते वर्ष आमचं फार छान गेलं. तिने कँटीनमध्ये दोन जणी तयार केल्या आणि दोघींना भरपूर शिव्या घातल्या. दर रविवारी तळं. तिथल्या बाकावर ती डबा उघडायची, अर्धं अंडं स्वतः खायची, अर्धं मला द्यायची आणि बोटी मोजायची. "इतकी वर्षं खाण्याची शरम वाटायची," ती एकदा म्हणाली. "आता खाल्लं की शाबासकी मिळते. आणखी काय पाहिजे माणसाला?"

मग एका दुपारी तिच्या पोटात कळ आली. जेवणाची रांग लागलेली होती. तिला वाटलं, वायू असेल. डाव खाली ठेवला नाही. रांग संपली, शेवटच्या कंडक्टरला वाढून झालं आणि ती ओट्यावर ओणवी झाली. दोघी मदतनिसांनी तिला रिकाम्या बसमध्ये घातलं आणि निवृत्त झालेला तो केकवाला ड्रायव्हर, नेमका गप्पा मारायला आला होता, तोच ती बस घेऊन थेट दवाखान्यात निघाला. सर्जनबाईंनी लगेच पोट उघडलं. आतडं पिळलं गेलं होतं, बराच भाग काळा पडला होता. तो काढला. पण विष अंगात पसरलेलं होतं.

अतिदक्षता विभागात ती शुद्धीवर आली. मला आत सोडलं. तिथले पलंग नव्या पद्धतीचे. औषधाचा डोस ठरवायला रुग्णाचं वजन लागतं म्हणून काटा पलंगातच बसवलेला. नर्सने बटण दाबलं आणि पायथ्याशी लाल आकडा पेटला.

बायकोने तो बघितला नाही. तिने मला बघताना बघितलं.

"घ्या," ती पुटपुटली. "शेवटी बघितलंच."

मी खिशातला रुमाल काढला, झटकला आणि त्या आकड्यावर टाकला. "चष्मा घरी राहिलाय," मी म्हणालो. "काही दिसलं नाही."

चष्मा माझ्या नाकावर होता. ती हसायला लागली आणि टाके दुखले म्हणून तिने माझा शर्ट मुठीत धरला. नर्स आली, रुमालाकडे बघितलं, आणि तसाच राहू दिला. दर वेळी ती एक कोपरा उचलून आकडा बघायची आणि पुन्हा झाकायची.

तो रुमाल शेवटपर्यंत तिथे होता.

डेपोवाल्यांनी त्या दिवशी कँटीन बंद ठेवलं नाही. मीच म्हटलं, ती ओरडली असती. दोघी मदतनिसांनी वाढलं. रांग सरळ होती.

परवा स्कूटर तेल बदलायला गॅरेजवर नेली. गॅरेजवाला मागे वाकून बराच वेळ काहीतरी करत राहिला. मग पाना हातात घेऊन उभा राहिला.

"काका, आता तुम्ही एकटेच असता. पहिलीवर आणून देऊ? मागची सीट आदळत असेल."

"आदळते."

"मग आणू?"

"असू दे तिसरीवर."

त्याने पाना फडक्याने पुसला आणि खोक्यात ठेवला.

मी तळ्याच्या रस्त्याला लागलो. पुढे स्पीडब्रेकर दिसला. वेग कमी केला आणि म्हणालो, "धर."