उलट्या पिळाची गाठ

"कोन्या गाढवाच्या हातची हाय रे ही गाडी?" पियुषनं पाना खाली आपटला.

बालाघाटच्या बसस्टँडमागं त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. वसंता नावाच्या गिऱ्हाइकानं जुनी गाडी स्वस्तात घेतली आणि आठवड्याच्या आतच बोंबलत आला, मागचा ब्रेक लागत नाही म्हणून. वरून काळा रंग चकाचक, आत सगळा उकिरडा! पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी ब्रेकची सळी मधेच गंजून तुटलेली. नवी टाकावी की नाही? ते नाही. कुण्या आधीच्या मालकानं दोन टोकं एकमेकांवर ठेवून वर तार गुंडाळली होती, झाला ब्रेक! जोरात पाय दाबला की सळी तारेतून निसटायची. विकणाऱ्यानं ती परत तारेत खुपसून वर रंग मारला होता.

"चिल्लर पैशासाठी मानूस मारतेत हे लोक," पियुष म्हणाला. "ताई, पाह्य जरा तमाशा."

नूतन, त्याची मोठी बहीण, शेजारी बसून रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत होती. तिनं सळी हातात घेतली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तारेचे दोन फेरे, उलटा पीळ, आणि टोक आत दाबलेलं, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून.

ही गाठ तिनं डोळे मिटून सोडली असती. तिचा सासरा महागू डावखुरा. पैसा काढायचा म्हटलं की बुढ्याच्या जिवावर यायचं, पण तार घरात ढीगभर. बादलीची कडी तुटली, बांध तार. खाटेचा पाय हलतो, बांध तार. बांधायची त्यानं आणि सोडायची सुनेनं. नूतन त्या घरात नांदली तोवर रोज त्या गाठी सोडत आली होती.

तिनं पान्याच्या टोकानं टाकीवरचा रंग खरवडला. खालून अक्षरं निघाली, दीपिका. पोर झाली तेव्हा अश्विननं हौसेनं रंगवून घेतलेलं नाव.

अश्विन म्हणजे तिचा नवरा. मागच्या उन्हाळ्यात घाटाच्या उतारावर याच गाडीनं तो पुलाच्या कठड्यावर गेला. तो जागीच संपला, मागं बसलेली नूतन वाचली, आणि वाचली हाच तिचा गुन्हा ठरला. उतारावर आपण भिऊन त्याचा खांदा धरला, 'हळू चालवा ना' म्हटलं, हे तिनंच भोळेपणानं रडत रडत सासऱ्याला सांगितलं होतं. तेरवीच्या दिवशी महागू त्याच गोष्टीवर चारचौघांत उभा राहिला. म्हणाला, "चालत्या गाडीवर भांडली हे. मांगून ओढलं त्याले." झालं, गाडी भंगारवाल्याला दिली, सुनेला हाकललं आणि इवलीशी पोर ठेवून घेतली. कोर्टात जा म्हणणारे पुष्कळ भेटले, सोबत येणारा एक नाही. आणि ऐका, नूतनला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. खांदा धरलेल्या त्या हाताकडे ती बघत बसायची.

"हे गाठ माह्या सासऱ्याची हाय. मी नाही मारलं रे त्यायले," ती म्हणाली आणि भर दुकानात तिनं हंबरडा फोडला.

पियुषनं तिला पाणी पाजलं. "नवी सळी टाकून गाडी देतो, मंग मी येतो संगं. पोर आनूच आता. पन हे तार कोनाच्या हाती देऊ नोको, ताई."

ती थांबते कसली! तो नवी सळी आणायला गेला तशी तिनं जुनी पदरात गुंडाळली आणि सासरच्या गावची, परसवाड्याकडची बस धरली. एक फोटो काढून ठेवावा एवढंही सुचलं नाही बाईला. सुचणार कसं, डोळ्यांपुढे पोर दिसत होती.

फाटक उघडंच होतं. महागू अंगणात कोंबड्यांचं खुराडं बांधत बसला होता. नूतननं सवयीनं डोक्यावर पदर घेतला. दीपिकानं तिला पाहिलं, हसत दोन पावलं आली आणि मधेच थबकली.

"आबाजी," पोर ओरडली, "बाबाले पाडनारी आली!"

असं कुणी लेकराला शिकवतं? मेल्यांनी शिकवलं होतं. नूतननं पदरातली सळी बाहेर काढली. "मामाजी, ब्रेकची सळी तुमी बांधलती. गाठ तुमची हाय."

महागू उठला. "पाहू, आन इकडे," म्हणाला आणि त्यानं डावा हात पुढं केला.

आता काय म्हणावं या बाईला! सासऱ्यानं हात पुढं केला की मान खाली घालून वस्तू त्या हातावर ठेवायची, ही त्या घरची रीत. पियुषचं बोलणं तिच्या डोक्यात होतं, पण हात रीतीनं चालला. तिनं सळी दिली.

बुढ्यानं गाठीवरून अंगठा फिरवला. "हौ, माहीच हाय," तो हळूच म्हणाला. "त्याच दिवशी पाह्यलतं. गाडी उचलाले मीच गेलतो."

"मंग मले काहून बोल लावला?"

"एकुलता एक पोरगा. त्याले मीच मारलं, असं सांगू काय गावाले?" बुढ्याचा आवाज फाटला, आणि दुसऱ्याच क्षणी कोरडा झाला. "तू परकी. तुह्यं काय जाते?"

"माही पोर जाते, मामाजी!"

महागूनं गाठ सोडली. स्वतःची गाठ त्यानं जन्मात कधी स्वतः सोडली नव्हती. सळीचे दोन तुकडे मातीत पडले, ते दीपिकानं खेळायला उचलले आणि एकमेकांवर वाजवायला लागली. त्यानं नूतनचा दंड धरून तिला बाहेर काढलं, फाटक ओढलं आणि त्याच तारेनं बांधून टाकलं. दोन फेरे, उलटा पीळ.

सवयीनं नूतनचा हात गाठ सोडायला गेला आणि तळव्यातून रक्त आलं. या वेळी टोक त्यानं बाहेर ठेवलं होतं.