पाच घरचं

कोंडीबानं मोटारसायकलवरचं गाठोडं ओट्यावर सोडलं आणि सत्यभामाबाईंनी त्यात हात घातला तो थेट तळाशी. वरचा माल दाखवण्यापुरता असतो आणि चांगलं कापड खाली असतं, हे वीस-बावीस वर्षांत त्यांना पाठ झालं होतं. तळाला सुती लुगड्यांचे लाल तुकडे निघाले. त्यांनी एक तुकडा गालाला लावून पाहिला. गोधडीचं कापड हातानं नाही, गालानं पारखायचं, असं त्या वस्तीतल्या पोरींना सांगत.

“वाशीमहून आणलं, माय,” कोंडीबा म्हणाला. “तुमच्यासाठीच बाजूला काढलं. दुसऱ्या कुनाला दावलं बी न्हाई.”

“आत्याबाई, ठेवा ते खाली,” दारातून सीमा म्हणाली. सीमा त्यांची सून, आणि वस्तीतल्या बायकांच्या बचत गटाची सचिव. “कोंडीबाकाका, पक्कं बिल हाय का? जीएसटी नंबराचं?”

कोंडीबा हसला. गावोगाव हिंडणाऱ्या गाठोड्याला कसला आलाय नंबर! पण सीमा हसली नाही, तसं त्याचंही हसू आवरलं.

“बिल काहून लागून राहिलं आता? माझं कापड तर दुकानापेक्षा सस्तं हाय. कर न्हाई, काही न्हाई.”

“सस्तं आपल्याला, काका. पुण्यावाल्याला न्हाई. हिंगोलीच्या दुकानातून त्यांच्या नंबरावर बिल फाडलं, की कापडावरचा पाच टक्के कर त्यांना वळता होतो. तुमच्या कापडाचा त्यांना कागदच न्हाई. कागद न्हाई तर माल न्हाई, असं फोनवर सांगितलं त्यांनी.”

कोंडीबानं सत्यभामाबाईंकडे पाहिलं. त्यांनी हातातला लाल तुकडा घडी करून गाठोड्यावर ठेवला आणि पदरानं उगाच ओठ पुसले. सुनेपुढे बोलायचं त्यांनी हल्ली सोडलंच होतं. सुनेचं चुकतही नव्हतं, हे जास्त लागायचं. गटाच्या गोधड्या घेणाऱ्या पुण्याच्या दुकानाची शिवणावळ यायला लागल्यापासून नातीच्या शाळेच्या फीसाठी मेंढरू विकावं लागलं नव्हतं.

“बराबर हाय,” कोंडीबा म्हणाला. त्यानं गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. “येतो, माय.”

तो गेला तो गेलाच. त्याचा निम्मा धंदा या एका वस्तीवर होता. गोधड्यांना तुकडे घेता घेता बायका नेसायलाही त्याच्याकडूनच सुती लुगडं घ्यायच्या. पुढे कुणीतरी सांगितलं, की कनेरगाव नाक्यावर प्लास्टिकच्या बादल्या विकत बसतो. सत्यभामाबाईंनी ऐकलं आणि पुढची भाकरी थापली.

आता या पुण्यावाल्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांना नेमकं काय विकायचं होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नरसीच्या अलीकडे माळावर बावीस उंबऱ्यांची ही वस्ती. सगळे मेंढरंवाले. इथे तान्ह्या लेकराची पहिली गोधडी विकतच्या कापडाची करत नाहीत. आणि ज्या बाईचं लेकरू हाताला लागून दगावलं असेल, तिच्या पुढच्या लेकरासाठी तर तिच्या मायनंच अनवाणी निघायचं, पाच दारांत पदर पसरायचा, आणि त्या घरच्या बायकांनी आपलं अंगाला लागलेलं, मऊ झालेलं सुती कापड पदरात टाकायचं. ज्या घरांत लेकरं जगली, त्या घरांचं. देणारीनं विचारायचं नाही, घेणारीनं बसायचं नाही की पाणी प्यायचं नाही. मागून आणलेल्या कापडात निजलेलं लेकरू दुसऱ्याचं वाटतं म्हणे, आणि त्याच्यावर वाईटाची नजर जात नाही.

सीमानं ही रीत कौतुकानं पुण्याला सांगितली. पुण्यावाल्यांना ती इतकी आवडली की त्यांनी गोधडीला लावायच्या चिठ्ठ्याच छापल्या, ‘पाच घरांतून मागून आणलेल्या कापडाची गोधडी’, आणि पहिल्या खेपेला चाळीस गोधड्या मागितल्या. त्या चाळिसांसाठी दारोदार फिरल्या त्या सत्यभामाबाईच. केवढा उत्साह तो! बायकांनी पेट्या उघडल्या, जुनी पातळं काढली, म्हाताऱ्यांची धोतरं काढली. सत्यभामाबाईंनी नवऱ्याचं, मसाजींचं, चांगलं धड धोतरसुद्धा आत भरायला घेतलं आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. चाळीस गोधड्यांना पाच-पाच घरं म्हणजे दोनशे घरं झाली, आणि वस्तीत उंबरे बावीस. पण मोजतंय कोण! पुण्याहून कौतुकाचा फोन आला, आणि त्याच फोनवर त्यांच्या हिशेबनिसानं विचारलं, हे कापड आलं कुठून, बिल कुठंय? या खेपेला चालवून घेतो, म्हणाले, पुढे चालणार नाही. चिठ्ठी मात्र तीच राहिली.

तेव्हापासून हिंगोलीच्या दुकानातून ठाणच्या ठाण यायला लागलं. मरून रंग, त्यावर बारीक पिवळी कोयरी. कापड वाईट नव्हतं. बायका ते कापायच्या, धुऊन धुऊन मऊ करायच्या, शिवायच्या, आणि उरलेले तुकडे घरी न्यायच्या. त्याच्याच उशा झाल्या, त्याचीच पोरांची झबली झाली, त्याचंच चुलीपुढचं फडकं झालं.

होळीनंतर अंजली बाळंतपणाला आली. सत्यभामाबाईंची ही धाकटी लेक वसमतला दिली होती. पहिलं लेकरू अकरा दिवसांचं होऊन गेलं होतं. तेव्हा सासरच्यांनी दवाखान्याच्या दारातूनच गुलाबी कांबळं विकत घेतलं होतं, आणि सत्यभामाबाईंनी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. त्या अकरा दिवसांवर डॉक्टरांनी काय काय लिहिलं होतं ते त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना ते कांबळं तेवढं ठाऊक होतं.

“माय, या बारीला तू जाशील ना?” अंजलीनं आल्या दिवशीच विचारलं. पोटावर हात ठेवून ती भिंतीला टेकली होती. “मला रातच्याला झोप येत न्हाई. डोळा लागला की तेच लेकरू दिसतं.”

“जाते की, लेकरा. न जाऊन कसं?”

शुक्रवारी सकाळी त्या अनवाणी निघाल्या. पहिलं दार आशाबाईचं. आशाबाईची पाच लेकरं, पाचही धडधाकट. पदर पसरलेला पाहताच आशाबाई काही न बोलता आत गेली. पेटीचं झाकण वाजलं, काही तरी उपसल्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा हातात मरून तुकडा होता, पिवळ्या कोयरीचा, धुऊन फिकट झालेला.

“सुती म्हनशील तर एवढंच हाय, बाई,” आशाबाई कानकोंडी होऊन म्हणाली. “बाकी समदं जारजेट. जुनं होतं नव्हतं ते तुलाच न्हाई का दिलं आमी?”

सत्यभामाबाईंनी पदर मिटला. दिलेलं नाकारता येत नाही.

दुसऱ्या दारात शिलानं तिच्या पोराचं झबलं दिलं. मरून. तिसऱ्या दारात उशीची खोळ. मग चौथं दार आलं. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं, कारण तिथली पेटी त्यांनी स्वतःच रिकामी केली होती, हसत, चहा पीत. तरी त्या पुढे झाल्या, कारण पाचांच्या आत थांबून चालत नाही, आणि तिथंही मरूनच पदरात पडलं. पाचव्या घरची म्हातारी तेवढी आत जाऊन रडली. तिचं शेवटचं सुती पातळ पुण्याला गेलं होतं, आणि आता सत्यभामाच्या लेकीला द्यायला तिच्यापाशी चुलीपुढचं फडकं राहिलं होतं. तेही त्याच ठाणातलं.

घरी येऊन त्यांनी पाचही तुकडे अंजलीपुढे मांडले.

अंजलीनं एक उचलला, दुसरा उचलला, शेजारी शेजारी धरले. मग कोपऱ्यात बघितलं. तिथे गटाचं पोतं होतं, आणि त्याच्या तोंडातून तीच कोयरी लोंबत होती.

“तू गेलीच न्हाईस, माय.”

“अगं, असं काय बोलतीस! अनवानी जाऊन आले.”

“मंग पाच घरी एकच लुगडं फाटलं व्हय?” अंजलीचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “पोत्यातलं काढलंस. लाज वाटली असंल तर सांगायचं होतं मला. मी काय म्हनले असते?”

“अंजलीताई, खरंच गेल्या होत्या त्या,” सीमा सुई हातात धरून म्हणाली. “आता समद्यांच्या घरी हेच...” आणि तिची नजर त्या पोत्यावर गेली.

सत्यभामाबाईंना खूप सांगायचं होतं. वस्तीतलं सगळं मऊ कापड मीच माझ्या हातांनी गोळा केलं, आणि ते आज पुण्यातल्या चाळीस धडधाकट लेकरांच्या अंगाखाली आहे, आपल्या लेकराला त्यातलं वीतभर उरलं नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांना स्वतःचीच चीड आली, इतकी की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

अंजली भिंतीला धरून उठली. उंबऱ्यापाशी तिनं चपला पायानं बाजूला सारल्या.

“ऊन हाय, पोरी. दिवस भरलेत तुझे. नको जाऊ.”

ती थांबली नाही. सत्यभामाबाई ओट्यापर्यंत आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. वाटेवरच्या फुफाट्यात पाय पोळत होते, तरी अंजली पोट सावरत सरळ आशाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. तिनं पदर पसरला.

आशाबाई बाहेर आली. तिनं अंजलीकडे पाहिलं, मग मान वळवून इकडे ओट्याकडे पाहिलं, आणि रिकामे हात हलवून काहीतरी सांगितलं. इतक्या लांबून शब्द ऐकू आले नाहीत, पण तुझी माय येऊन गेली, जुनं सगळं तिनंच नेलं, हेच ती सांगत असणार हे सत्यभामाबाईंना कळलं. अंजलीनं एकदाच मागे वळून मायकडे पाहिलं. मग ती पुढे निघाली, शिलाच्या दाराकडे, पदर तसाच पसरलेला.