पाहुणीसाठी तापवलेलं घर

"घर हाय का मसनवटा?" सकाळी तोंडातनं निघालेली वाफ बघून ईश्वरतात्या बोलून गेले. त्यांची सून सुलेखा लेकीचं आवरत होती. आठ महिन्यांच्या आन्याला दोन स्वेटरांवर तिनं तिसरा चढवला. पोरीची छाती पंधरा दिवस घरघरत होती.

अमेरिकेतल्या श्रूजबरीत त्या साली थंडीनं नुसता उच्छाद मांडला होता. अंगणातला बर्फ फावड्याला दाद देईना. तळघरातल्या टाकीतलं तेल सरत आलेलं, म्हणून नळ गोठू नयेत एवढ्यापुरतीच घर तापवायची भट्टी चालायची. सुलेखाच्या नवऱ्याची, गिरीशची, नोकरी दिवाळीत गेली होती. आता तो दिवसभर लोकांच्या दारात पार्सलं टाकत हिंडायचा. खटावच्या रानात हयात घातलेल्या तात्यांना लेकाचे हे हाल बघवत नव्हते.

"तात्या, दुपारी एक मॅडम येणारेत, घर बघायला," सुलेखा म्हणाली. "मी स्टोअरच्या कामावरून लवकर निघते. त्या आधी आल्या तर बसवून घ्या."

"कुठल्या बाई?"

सुलेखा अडखळली. "गिरीशच्या नवीन जॉबच्या."

साफ खोटं. बाई यायची होती ती नडलेल्या घरांना तेलाची मदत देणाऱ्या ऑफिसातली. पण तात्यांना यातलं काही कळता कामा नये, असं गिरीशनं बजावलं होतं. बापानं जन्मात कुणापुढं हात पसरला नव्हता, त्याला हे कसं सांगायचं?

सुलेखा गेली आणि तात्यांना बसवेना. लेकाला नोकरी देणारी बाई, आणि ती या गारठ्यात कुडकुडत बसणार? अब्रूच गेली की! आन्याला घोंगडीत गुंडाळून त्यांनी शेजारच्या नागपूरकर मोहनरावांचं दार वाजवलं.

"मोहनराव, मोठी पाव्हनी यायची हाय. कायबी करा, पर घर तापवून द्या."

"अजी तात्या, चिंता कायले करता? तुमच्या भट्टीत डिझेल चालते ना! आणतो मी चार-सहा कॅन."

मोहनरावांनी भराभर कॅन आणून टाकीत ओतले, भट्टीचं बटण वर चढवलं. तासाभरात घर असं ऊबदार झालं, की आन्याचे तिन्ही स्वेटर उतरले आणि पोरगी पाय झाडून खिदळायला लागली. तात्यांनी तुपातला शिरा केला. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

सुलेखा धावतपळत घरात शिरली, तर गरम हवा तिच्या तोंडावर आली. बाई कोट काढून शिरा खात होत्या.

बाईंनी टाकी आधीच बघितली होती. काटा लाल पट्टीच्या वर होता. लाल पट्टीच्या खाली असेल तरच तातडीचं तेल मिळतं, असा नियम. डिझेल आजच ओतलंय हे सुलेखानं जीव तोडून सांगितलं. बाई भल्या होत्या, त्यांचेही डोळे भरून आले. "मला दिसतं तेच लिहावं लागतं गं," असं काहीसं त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि टाकी पुन्हा बघायला पंधरा दिवसांनंतरची तारीख देऊन गेल्या.

"काय म्हनल्या? गिरीशचं काम झालं?" तात्यांनी हौसेनं विचारलं.

सुलेखा रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली.

तात्यांनी शिऱ्याची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "आगं, मला सांगायचं हुतं की. मी का तुमचा वैरी हाय?"

"ह्यांना लाज वाटली, तात्या."

"आन् मला न्हाय वाटली? तवाच तर घर तापवलं." त्यांनी भट्टीच्या बटणाकडं बघितलं. "ह्ये त्याल किती दिस जाईल?"

"असंच चालवलं तर चार दिवस. आणि बाई येणार पंधरा दिवसांनी."

तात्या उठले. भट्टीचं बटण त्यांनी स्वतःच्या हातानं खाली आणलं. मग तीन स्वेटर उचलून ते खिदळणाऱ्या नातीजवळ बसले आणि एकेक करून तिच्या अंगात परत घालू लागले.