बिनपट्ट्याची बाजू

राजरत्न सरांना पोरं पाठीमागं ‘कशावरून सर’ म्हणत. आळेफाट्याकडच्या एका कॉलेजात ते वीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवत होते आणि या वीस वर्षांत त्यांनी कुणाचं एक विधान फुकटात सोडलं नव्हतं. शिपाई म्हणाला, चहा गार झालाय, तरी हे विचारणार, ‘कशावरून?’ आणि वर कपात बोट बुडवून खात्री करणार. माणूस सरळ, पण सरळ काठीसुद्धा लागायची तिथं लागतेच.

हे वेड वडलांकडून आलेलं. छप्पन्न साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा वडील दहा वर्षांचे होते. देव ओढ्यात सोडून आलेल्या त्या घरानं त्यांना एकच शिकवण दिली आणि तीच त्यांनी पुढं पोराला दिली, पारखल्याशिवाय काही पदरात घ्यायचं नाही. वडील गेले. आई, शकुबाई, शाळेची पायरी न चढलेली, पण पोराच्या शिकण्याचा तिला इतका अभिमान की घरातही ती त्याला कधी ‘राजा’ म्हणे तर कधी ‘सर’.

पारगावच्या पुढं ओढ्याकाठी त्यांची वस्ती. तिथल्या सात बाया सावडीनं काम करत. आज हिच्या वावरात कांदा खुरपायचा, उद्या तिच्या. सर्वांत थोरल्या दोघी म्हणजे शकुबाई आणि शेजारच्या साळुबाई. त्या दिवाळीच्या आसपास पलीकडच्या वस्तीवर खुरपत बसलेल्या एका बाईला वाघानं मागून मानेला धरून उसात ओढून नेलं. बिबट्याला इकडं वाघच म्हणतात. खाली बसून काम करणारं माणूस त्याला शेरडाएवढंच दिसतं. मग आळेफाट्याच्या गेणभाऊ वेल्डरनं पट्टे करून दिले. धनगर कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसलेच, चामड्याचे, बाहेरून बोटाच्या पेराएवढे टोकदार खिळे, मागं बक्कल. सातही बायांनी ते घातले. दोन महिने वस्तीवर काही झालं नाही.

“पट्टा आला आन् वाघ गेला,” एका रविवारी साळुबाई सरांच्या अंगणात चहा पिता पिता म्हणाल्या.

सरांना राहवलं नाही. “मावशी, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पट्टे आले त्याच आठवड्यात पिंजरे लागले. तुमच्या बाजूचा ऊसही तुटून कारखान्याला गेला. वाघ आला नाही तो नेमका कशामुळं?”

“पट्ट्यामुळं.”

“कशावरून?”

बाया खदखदून हसल्या. शकुबाई तेवढी हसली नाही. “मंग कळायचं कसं, राजा?”

असा प्रश्न वर्गात वर्षभरात एकही पोरगं विचारत नसे. सर खूश झाले. त्यांनी काटकी घेतली आणि धुळीत मधोमध एक रेघ ओढली. “वावर सारखं, काम सारखं. रेघेच्या ह्या बाजूला निम्म्या बाया पट्टा घालून. त्या बाजूला निम्म्या बिनपट्ट्याच्या. दोन्हीकडं काय होतं ते रोज टिपून ठेवायचं. तोवर पट्टा चालतो का नाही, सांगता येत नाही. बस्स.”

“आन् त्या बाजूला बसायचं कुनी? तुमी?” साळुबाईंनी विचारलं.

पुन्हा हशा पिकला. सरही हसले. “तसं करायचं नसतं हो मावशी, नुसतं समजून घ्यायचं असतं.”

विषय तिथं संपला असता तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी आई न्हाणीपाशी तोंड धुवायला बसली आणि सरांना तिच्या मानेवरचा पट्ट्याचा लाल वळ दिसला. काळजात कळ आली, आणि तिच्यापाठोपाठ राग आला.

“आई, आपल्या आज्यापणज्यांच्या गळ्यात मडकी बांधत होते. त्यांनी काही ती हौसेनं बांधली नव्हती. तू कुत्र्याचा पट्टा आपल्या हातानं बांधतीस.”

शकुबाईनं पदरानं तोंड पुसलं. “मडकं थुकायला व्हतं. ह्यो जगायला हाय.”

“जगायला आहे, हे तरी कशावरून?”

ती उठली आणि चुलीपाशी गेली. सरांना वाटलं, पटलं तिला. खरं सांगायचं तर त्या वाक्यात गणित दोन आणेच होतं, चौदा आणे लाज होती. जाता-येता भेटणाऱ्या मास्तरमंडळींनी आपल्या आईला गळ्यात खिळे घातलेलं पाहू नये, एवढीच. पण लाजेला ‘कशावरून’ विचारायची सवय सरांना नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पट्टा खुंटीवर दिसायला लागला. सरांनी रोज तो पाहिला आणि रोज त्यांना मनातून बरं वाटलं. आई आपल्या बाजूला आली, असं ते बायकोला, स्वप्नाला, म्हणालेसुद्धा.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, अकरावीच्या वर्गात गणिती विगमन चाललं होतं. “एका संख्येसाठी खरं, दोनसाठी खरं, हजारासाठी खरं,” सर फळ्यावर लिहिता लिहिता सांगत होते, “तरी सगळ्यांसाठी खरं ठरत नाही. एकापासून पुढच्यावर जायची पायरी सिद्ध करावी लागते. ती नसली तर हजार उदाहरणं कवडीमोल.” खिशातला फोन थरथरला. त्यांनी कॉल कापला. पुन्हा थरथरला. साळुबाईंचा मुलगा सूरज होता.

“सर, या लवकर. तुमच्या आईला वाघानं नेलं.”

ते पोचेपर्यंत बायांनी आणि माणसांनी डबे बडवून, दगड मारून तिला पलीकडच्या, अजून न तुटलेल्या उसातून सोडवलं होतं. पण सोडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. शकुबाई बांधाला पालथी होती, खुरपं अजून मुठीत होतं. सरांनी तिला उताणी केली आणि पुन्हा तिच्या मानेकडं बघायचं धाडस त्यांना झालं नाही. वन खात्याचा माणूस वहीत लिहीत होता. सरांनी त्याला विचारलं, “पट्टा असता तर?”

“मानेलाच धरलंय. पन जनावर हाय, सर. खांद्याला धरलं असतं, डोक्याला धरलं असतं. सांगता येत न्हाई.”

तेच शब्द. अंगणात ते बोलले तेव्हा त्या शब्दांत किती ऐट होती.

माती झाली त्या संध्याकाळी साळुबाई सरांना आईच्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी दार ओढून घेतलं. दाराआडच्या भिंतीवर कोळशानं दोन ओळी मारल्या होत्या. वरच्या ओळीच्या सुरवातीला पट्ट्यासारखा एक गोल काढला होता, खालच्या ओळीपुढं काहीच नव्हतं. दोन्हीकडं अकरा-अकरा रेघा होत्या.

“मी तिला म्हनलं, शकू, पट्टा का घालत न्हाईस? तर म्हनली, त्या बाजूला कुनीतरी बसाया पायजे ना. माझ्या सराला समजाया पायजे. कुना पोरीबाळीला कशाला बसवू, म्हातारी मीच बसते.” साळुबाईंनी तोंडाला पदर लावला. “मला वाटलं, तुमीच सांगितलंय. म्हनून मी जोर न्हाई केला.”

सर भिंतीकडं बघत राहिले. इतकी वर्षं कमावलेलं डोकं अशा वेळीही गप्प बसेना. ते म्हणालं, एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला एक, अशानं काही सिद्ध होत नाही. म्हणजे आईच्या मरणानंही प्रश्न होता तिथंच राहिला. त्या डोक्याची सरांना इतकी किळस आली की त्यांनी ते भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, तोवर साळुबाईंनी त्यांना मागं ओढलं.

सातव्या दिवशी वंदना झाली. पाहुणे पांगले आणि अंगणात सावडीच्या बाया तेवढ्या उरल्या. सहांपैकी चौघींच्या गळ्यात पट्टा होता. एकीचा पट्टा बक्कल तुटल्यामुळं दुरुस्तीला गेला होता. साळुबाईंची सून वृषाली मोकळ्या गळ्यानं बसली होती. ती सरांची विद्यार्थिनी, बारावीला गणितात पहिली आलेली. सरांची आईच घालत नाही म्हटल्यावर तिनं शकुबाई जायच्या आठवडाभर आधीच पट्टा काढला होता, सरांना ते आज कळत होतं, आणि अजूनही कांदा खुरपायला ती तशीच जात होती. साळुबाईंनी सांगून पाहिलं. ती म्हणाली होती, सरांनी सांगितलं तर घालीन.

साळुबाई पुढं सरकल्या. “सर, एकदाच काय ते सांगून टाका. शकूनं पट्टा घातला असता तर ती वाचली असती का?”

सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. खरं उत्तर सरांना पाठ होतं. ते उत्तर दिलं असतं तर त्यांची मान ताठ राहिली असती आणि अपराधही निम्मा झाला असता, कारण जे सांगता येत नाही त्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा? त्यांनी वृषालीच्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं.

“वाचली असती,” ते म्हणाले. “नक्की वाचली असती. मी तिला मारलं.”

वृषालीनं मान वर केली. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता. ज्या माणसाकडून शिकली त्याच्यासारखंच तिनं विचारलं, “कशावरून, सर?”

सर आत गेले, खुंटीवरचा पट्टा घेऊन बाहेर आले आणि तिच्या मागं उभे राहिले.

“कशावरून न्हाई, पोरी,” ते म्हणाले. कॉलेजात कधी न बोललेली घरची बोली त्यांच्या तोंडी आली. “घाल.”

वृषालीनं वेणी पुढं घेतली आणि मान खाली वाकवली. सरांच्या हातून बक्कल दोनदा निसटलं. आईची मान बारीक होती, त्यामुळं पट्टा एक भोक सैल करावा लागला.