ऐकणारा पेचकस

मित्रांनो, काष्टीच्या या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला लटकलेला मी एक जुना पेचकस आहे. हातभर लांब, बाभळीच्या मुठीचा. स्क्रू पिळणं हे माझं काम, असं तुम्हाला वाटेल. छे! ते कुठलंही टिनपाट हत्यार करतं. माझं खरं काम होतं ऐकण्याचं.

गहिनीनाथ मिस्त्रींनी मला मोडीत निघालेल्या ट्रकच्या सळईतून स्वतः घडवलं. चालू इंजिनावर ते माझं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आतला आवाज माझ्या अंगातून थेट त्यांच्या कानात जायचा. कुठला व्हॉल्व्ह सैल, कुठलं बेअरिंग गेलं, हे ते इंजिन उघडायच्या आधीच सांगायचे. बाजाराच्या दिवशी ड्रायव्हर वाट वाकडी करून यायचे. "मिस्त्रीचा कान म्हंजी डागदरची नळी हाय," म्हणायचे. नळी म्हणजे मीच बरं का! त्या कानाची ऊब मला अजून आठवते.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात मिस्त्रींचे दोन्ही कान फुटले. पू थांबला, पण ऐकू येणं गेलं ते गेलंच. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार? शेडला कुलूपच लागलं असतं. घरी त्यांच्या बायकोलाही, रंगुबाईंनाही, ते बोलले नाहीत. बिचारी हाका मारून दमायची. धनी आपल्यावर रुसलाय असं समजून तिनं हळूहळू बोलणंच सोडलं.

अशात मच्छिंद्रची भाड्याची जीप आली. चढाला दम टाकत होती आणि इंजिनात टकटक वाजत होतं, हे मच्छिंद्रनं बॉनेटवर बोट वाजवून दाखवलं. मिस्त्रींनी मला कानाला लावलं. मी आवाज जसाच्या तसा नेला हो, पण पलीकडे घेणारं कुणी नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मिस्त्रींनी अंदाज बांधला, व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट सैल असतील. त्यांनी ते आवळले, आणि जरा जास्तच आवळले. दुसऱ्या दिवशी बैल जोडून जीप परत आली.

"टकटक हाय तशीच, वर इंजान तापतंय!" मच्छिंद्र ओरडला. "दुपारपातुर न्हाई जमलं तर नगरला न्हेतो."

मिस्त्रींना फक्त त्याचे ओठ दिसले, पण राग कळला. त्यांनी टॅपेट पुन्हा बेताचे सैल केले आणि इंजिन सुरू केलं. कार्बोरेटर जुळवायला दोन्ही हात गुंतले, म्हणून माझी मूठ दातांत धरली. वाकता वाकता माझं टोक पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपाला टेकलं.

टक! आवाज दातांतून थेट त्यांच्या डोक्यात गेला. मिस्त्री जागच्या जागी थिजले. मग मला तसंच दातांत धरून त्यांनी सगळं इंजिन चाचपलं. टॅपेट शांत होते, दंगा पंपात होता. पंप उघडला, तर आतला लोखंडी हात पार झिजलेला. चढाला पेट्रोल पुरणार कसं? शेडमध्ये पडलेल्या दुसऱ्या जुन्या पंपाचा चांगला हात बसवला आणि टकटक थांबली.

"काय कान हाय राव!" म्हणत मच्छिंद्र खुशीत गेला.

तेवढ्यात रंगुबाई भाकरी घेऊन आली. मिस्त्री तिच्यासमोर मटकन बसले. "मला ऐकू येत न्हाई गं. लई दिस झालं."

"आगं बया! आन् मी समजतीय, तुमी रुसलाय!" ती म्हणाली, पण तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

मिस्त्रींनी माझी मूठ दातांत धरली. टोक धोतरानं पुसून अलगद तिच्या हनुवटीला टेकवलं. ती लाजली. इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आवं, भाकर निवली. खाऊन घ्या."

मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुष्कळ इंजिनं ऐकवली मी, पण असा आवाज पुन्हा वाहून न्यायला मिळावा म्हणून जीव अजून तळमळतो.

आता दोघंही नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्याच्यावर वसकन ओरडू नका. ओ आली नाही म्हणून हाक मारणं सोडू नका. आणि कधी मला हातात घेतलंत, तर गंज खुशाल काढा. मुठीवर दातांचे व्रण आहेत, ते मात्र घासू नका.